टाकळा, पाऊस आणि पिंवळीं फुलपाखरें

पाऊस केव्हां येणार, हा प्रश्न ज्येष्ठ लागला कीं आमच्या वसईकडे ज्याच्या त्याच्या तोंडीं असतो. वाडीवाल्यास केळीची व मोगऱ्याची काळजी, भात पेरणाऱ्यास रोपांची, कोळ्यास होडी किनाऱ्यावर केव्हां ओढावी ह्याची. आणि आम्हां विद्यार्थ्यांस शाळेचा पहिला दिवस छत्रींत जाणार कीं उन्हांत, एवढीच. परंतु ह्या प्रश्नावर ज्यांचें सारें आयुष्य टांगलेलें असतें, आणि ज्यांस तो कोणापाशीं विचारतांही येत नाहीं, असे कांहीं शेजारी आमच्या शाळेच्या कुंपणालगतच राहतात. तीं म्हणजे टाकळ्यावरचीं फुलपाखरें. इ. स. २०२३ च्या जून महिन्यापासून आमच्या निसर्गमंडळानें त्यांची एक वही ठेविली आहे. हा लेख त्या वहीच्या आधारानें, थोडें ग्रंथांतून वाचून व थोडें आमच्या शास्त्राच्या गुरुजींच्या तोंडून ऐकून, आम्हीं सर्वांनीं मिळून लिहिला आहे.

प्रथम पावसाच्या तारखा पाहूं. वेधशाळेच्या हिशेबानें मुंबईस मोसमी पाऊस पोंचण्याची सरासरी तारीख ११ जून ही आहे. २०२३ सालीं अरबी समुद्रांत बिपरजॉय नांवाचें चक्रीवादळ उठलें, पावसाची चाल मंदावली, आणि मुंबईस तो २५ जून रोजीं पोंचला. त्याच दिवशीं तो दिल्लीसही जाऊन पोंचला, ही त्याहून नवलाची गोष्ट. २०२५ सालीं तोच पाऊस २६ मे रोजीं मुंबईंत हजर! इतक्या लवकर तो पूर्वीं कधीं आल्याची नोंद नव्हती. दोन वर्षांच्या आंत एक महिन्याचें अंतर पडलें. माणसास एक महिना म्हणजे फार मोठी गोष्ट नव्हे. उशीर झाला तर तो कुरकुरतो, लवकर आला तर अडगळींतला रेनकोट शोधूं लागतो. फुलपाखराचा मात्र अंड्यापासून पंख फुटेपर्यंतचा अवघा संसारच महिन्याभराचा असतो.

आतां टाकळ्याविषयीं. टाकळा ठाऊक नाहीं असा मनुष्य कोंकणपट्टींत मिळणें कठीण. पहिल्या सरी पडून चार-सहा दिवस झाले न झाले तोंच रस्त्याच्या कडेला, पडक्या भिंतींच्या पायथ्याशीं, मैदानाच्या कांठाकांठानें त्याची दाटी होते. कोंवळ्या पानांची भाजी घरोघरीं शिजते, आणि ती वर्षांतून एकदां तरी पोटांत गेलीच पाहिजे असा आमच्या आज्यांचा दंडक आहे. पुढें तो कमरेस लागतो, पिंवळीं फुलें येतात, बारीक लांब शेंगा धरतात, आणि दिवाळीनंतर वाळून खड्याएवढ्या कठीण बिया मातींत टाकून तो नाहींसा होतो. रात्रीं ह्याचीं पानें मिटतात, हें आमच्यापैकीं पुष्कळांनीं प्रथम ह्या वहीच्या निमित्तानेंच पाहिलें. एरव्हीं टाकळ्याकडे बघतो कोण? तें एक माजणारें रान, एवढीच त्याची कीर्ति.

ह्या रानावर दोन तऱ्हेचीं फुलपाखरें अंडीं घालतात. एक इंग्रजींत ‘इमिग्रंट’ म्हणतात तीं, पांढुरकीं किंवा हिरवट पिंवळीं, सरळ व वेगानें उडणारीं; दुसरीं ‘ग्रास यलो’, लहान, हळदीसारखीं पिंवळीं, जमिनीपासून हातभर उंचीवर भिरभिरणारीं. मादी पानावर बसते ती विसाव्यासाठीं नव्हे. पायांनीं पान थोपटून ती त्याची चव घेते; कारण फुलपाखरास चव पायांनीं कळते. पान ओळखीचें निघालें तर शेपूट वांकवून एक लांबट, उभें, पांढुरकें अंडें चिकटवून ती पुढें जाते. एका पानावर एक, फार तर एका रोपावर चार-दोन. सगळीं अंडीं एके ठिकाणीं टाकून मोकळें व्हावें, असें ती करीत नाहीं, आणि हें तिचें शहाणपण आम्हांस पुढें फार आठवलें. तीन-चार दिवसांत अळी निघते, ती पानासारखीच हिरवी; पानाच्या शिरेवर लांबट पसरली म्हणजे बोट लावल्याशिवाय दिसत नाहीं. इमिग्रंटचें बहाव्याच्या कोंवळ्या पानांवरही भागतें, व ग्रास यलोला आणखीही कांहीं झाडें चालतात. परंतु आमच्या आवारांत बहावा एकच, आणि पावसाळ्यांत ह्यांची खरी भरभराट होते ती टाकळ्याच्या जिवावर.

२०२३ सालीं जूनच्या मध्यास शाळा उघडली तेव्हां मैदान खापरासारखें कोरडें होतें. टाकळ्याचें एक पान कोठें नव्हतें. इमिग्रंटच्या कांहीं माद्या कुंपणाच्या कडेनें फिरत, मेंदीवर बसत, घाणेरीवर बसत, थोपटून पाहत आणि उठून जात. हें आम्हीं रोज मधल्या सुटींत पाहिलें. मादीचें आयुष्य थोडक्या आठवड्यांचें; पोटांतलीं अंडीं कांहीं बँकेंत ठेवतां येत नाहींत. त्यांतल्या किती जणींस पुढें पान सांपडलें हें सांगणें शक्य नाहीं. महिनाअखेरीस पाऊस आला, जुलैंत तर तो अखंड कोसळला, टाकळा तरारून उठला आणि अंडींही दिसूं लागलीं. तेवढ्यांत ऑगस्ट आला. इ. स. १९०१ पासूनच्या नोंदींत संबंध देशाला इतका कोरडा ऑगस्ट दुसरा सांपडत नाहीं. आमच्या मैदानाच्या पश्चिम बाजूस जमीन मुरमाड आहे; तेथला टाकळा प्रथम मलूल झाला, मग खालचीं पानें पिंवळीं पडून गळूं लागलीं. अळ्या उरलेल्या पानांकडे सरकत गेल्या. एका रोपावर तीन अळ्यांनीं सर्व पानें संपवून देठ कुरतडावयास घेतले होते. आम्हीं त्यांस उचलून विहिरीजवळच्या ओलसर जागेंतील रोपांवर नेऊन सोडलें; त्यांपैकीं दोघींचे कोश झाले.

माळीमामा हें सगळें विळा हातांत घेऊन पाहत होते. ते म्हणाले, “पोरांनो, या किड्यांपायी तुम्ही रान माजवून ठेवणार काय? परवा पाव्हणे यायचेत, सायेब मला बोलतील.” त्यांचें म्हणणें खोटें नव्हतें. बक्षीससमारंभापूर्वीं मैदानाच्या चारही बाजू तासून साफ करण्याची आमच्याकडे रीत आहे, आणि टाकळा कापला जातो तो नेमका अळ्या भरास आल्या असतां. आम्हीं कांहीं बोललों नाहीं. विळा चालला. परंतु हा विषय येथें संपला नाहीं, तो पुढें येईल.

आतां २०२५. मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यांत, शाळेस कुलूप असतां, टाकळा उगवला. आमच्यांतील एक मुलगा शाळेच्या भिंतीस लागूनच राहतो. त्यानें भिंतीवरून डोकावून पहिलीं दोन दोन पानें वर आल्याची तारीख मांडून ठेविली. पण पावसानें एवढी घाई करून पुढें काय केलें? २९ मे च्या सुमारास त्याची चाल थांबली ती जूनच्या मध्यापर्यंत. सुमारें अडीच आठवडे वरून ऊन आणि खालीं तापलेली माती. कोंवळीं रोपें होतीं तीं पश्चिमेकडचीं सर्व करपलीं. त्यांवर अंडीं होतीं काय? होतीं. त्या मुलानें भिंतीवरून उतरून पाहिलीं. अंड्यांतून अळी निघावी आणि पान सुकून काडी झालेलें असावें, हें चित्र डोळ्यांपुढें आणावें लागलें नाहीं, तें तेथेंच होतें.

येथें टाकळ्याचें एक गुपित सांगितलें पाहिजे. जूनच्या उत्तरार्धांत पाऊस पुन्हां लागला, तेव्हां त्याच करपलेल्या जागीं दुसरी रोपें उगवलीं. गुरुजींनीं ह्याचें कारण समजावून दिलें. टाकळ्याच्या बियांचें कवच फार कठीण असतें आणि सर्व बियांचें सारख्या वेळीं मऊ पडत नाहीं. पहिल्या पावसानें कांहीं फुटतात, कांहीं दुसऱ्यानें, कांहीं तर पुढच्या वर्षापर्यंत तशाच पडून राहतात. पाऊस लबाडी करतो हें जणूं ह्या रोपानें हजारों वर्षें अनुभवून आपली सगळी पुंजी एका डावास लावावयाची नाहीं असें ठरविलें आहे. फुलपाखरापाशीं एवढी मोठी युक्ति नाहीं. त्याचें शहाणपण तें पानोपानीं अंडीं वांटण्याचें. जागेचा धोका त्यानें टळतो, काळाचा टळत नाहीं. सगळीं पानें एकाच आठवड्यांत करपलीं तर वांटून काय उपयोग?

सर्वच फुलपाखरें अशीं लाचार असतात असें मात्र नव्हे. आमच्या ग्रंथालयामागें कढीलिंबाचें झाड आहे, त्यावर ‘कॉमन मॉर्मन’ व ‘लाइम’ ह्या दोन काळ्या फुलपाखरांच्या अळ्या असतात. लहानपणीं त्या पांखरांच्या विष्ठेसारख्या दिसतात, म्हणून पांखरें त्यांकडे ढुंकून पाहत नाहींत. मोठेपणीं हिरव्या होतात, आणि डिवचलें कीं मानेमागून एक दुभंगलेलें शिंग बाहेर काढून असा उग्र वास सोडतात कीं आमच्यांतील धीट मुलींनींही नाकास पदर लावावा! ह्यांपैकीं लाइमचा कोश पावसाळ्यांत आठ-दहा दिवसांत फुटतो. तोच थंडीच्या तोंडीं धरला तर कित्येक आठवडे तसाच निजून राहतो. हवा बरी नाहीं, थांबावें, हें त्यास आंतून कळतें. परंतु ही निद्रा मोडावयाची केव्हां, ह्याचा इशाराही उष्णमान आणि ओल ह्यांच्याकडूनच यावयाचा. मग डिसेंबरांत उन्हाळ्यासारख्या झळा लागल्या किंवा फेब्रुवारींत अवकाळी पाऊस पडला, तर झोपलेल्यास चुकीच्या वेळीं हांक मारल्यासारखें होणार.

ह्या इशाऱ्यांवर फुलपाखरें किती विश्वास टाकतात ह्याचें सर्वांत सुंदर उदाहरण भातशेतांत सांपडतें. ‘कॉमन ईव्हनिंग ब्राउन’ नांवाचें तपकिरी फुलपाखरूं दिवेलागणीस उडतें. त्याची अळी भाताचीं व गवताचीं पानें खाते. पावसाळ्यांतल्या पिढीच्या पंखांवर खालच्या बाजूस डोळ्यांसारखीं वर्तुळें असतात. पांखरानें चोंच मारलीच तर ती ह्या खोट्या डोळ्यांवर बसावी व जीव वांचावा, अशी ही योजना आहे. कोरड्या ऋतूंतील पिढीस हे डोळे बहुधा नसतात. पंखांची कड कोंचदार, रंग वाळल्या पानाचा. पाचोळ्यांत बसलें कीं दिसेनासें झालें. एकाच आईबापांचीं मुलें, पण जन्मलेल्या ऋतूप्रमाणें दोन वेष! ह्याच कुळांतील आफ्रिकेच्या एका फुलपाखरावर हॉलंडांत लायडन येथील विद्यापीठांत पुष्कळ प्रयोग झाले. त्यांत असें दिसलें कीं, अळी उबेंत वाढविली तर डोळे मोठे येतात व गारव्यांत वाढविली तर बारीक होतात. म्हणजे अळीपाशीं पंचांग नसतें. थर्मामीटर हेंच तिचें पंचांग. उबदार म्हणजे पाऊस व हिरवळ, गार म्हणजे पुढें पाचोळा, असा तिचा आडाखा. सृष्टिकर्त्यानें घालून दिलेला हा आडाखा आजवर बहुतेक खरा ठरत आला. पण कोरडे महिनेही उबदार होऊं लागले तर? हिरवळीसाठीं शिवलेला अंगरखा घालून हा प्राणी वाळल्या पाचोळ्यांत बसेल, आणि पांखरांस तो लांबूनच दिसेल.

उष्णमानाचें व फुलपाखराचें नातें एवढ्यावरच थांबत नाहीं. आपलें रक्त उन्हाळ्यांत व थंडींत सारखेंच ऊन असतें; फुलपाखराचें तसें नाहीं. सकाळीं तें पंख पसरून उन्हांत बसतें तें शोभेसाठीं नव्हे, अंग तापविण्यासाठीं. छातींतील स्नायु पुरेसे तापल्याशिवाय त्यास भरारी घेतां येत नाहीं. म्हणून आभाळ भरलेलें राहिलें कीं उडणें बंद, उडणें बंद म्हणजे मध पिणें बंद व अंडीं घालणेंही बंद. झिमझिम पावसानें त्यांचें फारसें बिघडत नाहीं, पंखांवरच्या खवल्यांवरून पाणी ओघळून जातें. पण दिवसामागून दिवस धो धो पडूं लागला कीं तीं पानांखालीं उलटीं लोंबकळून बसतात, आणि त्यांच्या मोजक्या दिवसांतले दिवस फुकट जातात. अळ्यांवर बुरशीचा व दुसऱ्या रोगांचा घाला पडतो तोही बहुधा अशा कोंदट दिवसांत. म्हणजे पाऊस नसला तर पान नाहीं, आणि फार झाला तर पान आहे पण जीव नाहीं. दक्षिणेकडे ‘ब्लू टायगर’, ‘डार्क ब्लू टायगर’, ‘कॉमन क्रो’ ह्या जातींनीं ह्यावर निराळाच तोडगा काढला आहे. मोसमी पावसाच्या सुमारास त्यांचे थवेच्या थवे सह्याद्रि सोडून पूर्वेच्या कमी पावसाच्या मुलुखाकडे जातात, आणि पावसाळा सरल्यावर परत फिरतात. पाऊस कोणत्या आठवड्यांत येतो ह्यावर ही सारी वारी बेतलेली असते.

आतां कोणी म्हणेल, पाऊस पूर्वींही लहरी होता. दुष्काळ पूर्वींही पडले. हें खरें आहे, आणि आम्हींही हीच शंका गुरुजींस विचारली. त्यांनीं केंद्र सरकारच्या पृथ्वी विज्ञान मंत्रालयानें २०२० सालीं प्रसिद्ध केलेल्या अहवालांतील आंकडे फळ्यावर लिहून दिले, ते असे: १९०१ ते २०१८ ह्या काळांत भारताचें सरासरी उष्णमान सुमारें ०.७ अंश सेल्सिअसनें वाढलें. १९५१ ते २०१५ ह्या काळांत जून ते सप्टेंबरचा मोसमी पाऊस सुमारें ६ टक्क्यांनीं घटला, आणि ही घट गंगेच्या मैदानांत व पश्चिम घाटांत विशेष दिसते. १९५१ ते १९८० च्या मानानें १९८१ ते २०११ ह्या वर्षांत पावसाळ्यांतले कोरडे खंड २७ टक्क्यांनीं वाढले. दुसरीकडे, मध्य भारतांत मोठ्या प्रदेशावर एकदम कोसळणाऱ्या अतिवृष्टीचे प्रसंग १९५० ते २०१५ ह्या अवधींत तिपटीवर गेले, असें शास्त्रज्ञांनीं २०१७ सालीं दाखवून दिलें. एकूण पाऊस कमी आणि कोसळणें जास्त, हें कसें? कोळसा व खनिज तेल जाळून माणसानें हवा तापविली. आणि हवा एका अंशानें तापली कीं तिच्यांत सुमारें ७ टक्के अधिक वाफ मावते. मोठी घागर भरण्यास वेळ लागतो, पण ती उपडी झाली म्हणजे पाणीही तितकेंच पडतें. ०.७ अंश हा आंकडा ऐकून आमच्यांतील कांहींजण हंसले होते. टाकळ्याच्या करपलेल्या रोपांपुढें उभे राहिल्यावर कोणी हंसलें नाहीं.

परदेशांत ह्या गोष्टी फार काळजीनें मोजल्या गेल्या आहेत. इंग्लंडांत १९७६ सालापासून हौशी माणसें दर आठवड्यास ठरलेल्या वाटेनें, ठरलेल्या चालीनें जातात, आणि वाटेच्या दोन्ही बाजूंस अडीच अडीच मीटरांत दिसणारीं फुलपाखरें मोजून लिहून ठेवतात. ह्या कामीं शिक्षण लागत नाहीं, नेम लागतो. योगायोग असा कीं, १९७६ हें तिकडे भयंकर अवर्षणाचें वर्ष होतें. त्या उन्हाळ्यांत ऊन भरपूर, म्हणून फुलपाखरें खूप उडालीं आणि लोक खूष झाले. परंतु अळ्यांचीं झाडें वाळून गेलीं होतीं. पुढच्या वर्षीं कित्येक जातींची संख्या खालीं आली. जें वर्ष डोळ्यांस सुकाळाचें दिसलें तेंच दुष्काळाचें बीज टाकून गेलें, आणि मोजणी नसती तर हें कोणास कळलें नसतें. १९९९ सालीं कमील पार्मेसान ह्या विदुषीनें व तिच्या सहकाऱ्यांनीं युरोपांतील ३५ जातींचा हिशेब मांडला. त्यांपैकीं ६३ टक्के जातींचा मुलूख विसाव्या शतकांत ३५ ते २४० किलोमीटरांनीं उत्तरेस सरकला होता. दक्षिणेस सरकलेल्या अवघ्या ३ टक्के. अमेरिकेंत २००० पासून २०२० पर्यंत फुलपाखरांची एकूण संख्या २२ टक्क्यांनीं घटल्याचें २०२५ सालीं प्रसिद्ध झालें. त्यांत हवामानाखेरीज कीटकनाशकांचा व उजाड झालेल्या रानांचाही वांटा आहे.

सरकणें ही तोड वाटते तितकी सोपी नाहीं. ब्रिटनमध्यें उत्तरेकडे पसरतील अशी अपेक्षा असलेल्या ४६ जाती तपासल्या, तों तीन चतुर्थांश जाती उलट घटल्याच होत्या. ऊब वाढली खरी, पण पुढच्या मुक्कामीं अळीस लागणारें झाडच उरलें नव्हतें. मध्यें शेतें, कारखाने, वस्त्या. आमच्याकडे तर उत्तरेस सरकून काय मिळणार? डोंगर चढावा म्हटलें, तर साधारण दीडशें मीटर चढल्यावर एक अंश गारवा मिळतो. आणि आमचा सह्याद्रि हिमालय नव्हे. कळसूबाई, जी महाराष्ट्रांत सर्वांत उंच, तीही १६४६ मीटरांवर संपते. त्यापुढें आकाश. शिवाय तुंगारेश्वराच्या रानांतून निघालेल्या फुलपाखरास आमच्या वाडीपर्यंत येतांना आतां मध्यें किती सिमेंट ओलांडावें लागतें, हें रेल्वेच्या पुलावर उभें राहून कोणासही पाहतां येईल. २०१५ सालीं ‘ब्लू मॉर्मन’ ऊर्फ राणी पाकोळी हिला महाराष्ट्राचें राज्यफुलपाखरूं म्हणून मान मिळाला. राणीला मुकुट मिळाला ह्याचा आम्हांस अभिमान आहे. तिला वाटेंत उतरावयास झाड मिळावें हेंही तितकेंच अगत्याचें आहे.

हें काम मिशनरी शाळेच्या मुलांनीं करावें ह्यांत नवीन कांहीं नाहीं, हें वाचून आम्हांस विशेष आनंद झाला. एडवर्ड हॅमिल्टन एटकेन, जे ‘एहा’ ह्या टोपणनांवानें लिहीत, त्यांचा जन्म १८५१ सालीं सातारा येथें एका स्कॉटिश मिशनऱ्याच्या घरीं झाला. त्यांनीं पुण्याच्या डेक्कन कॉलेजांत लॅटिन शिकविलें, पुढें मीठ व जकात खात्यांत नोकरी केली, आणि १८८३ सालीं मुंबईची नॅचरल हिस्टरी सोसायटी स्थापन करणाऱ्या आठ गृहस्थांत ते एक होते. उत्तर कानड्यांत त्यांनीं डेव्हिडसन व बेल ह्या दोन मित्रांसह अळ्या पाळल्या, कोणती अळी कोणतें पान खाते हें पाहिलें, आणि तें सोसायटीच्या नियतकालिकांत १८९६ च्या सुमारास छापलें. एक कलेक्टर, एक जंगलखात्याचा अधिकारी, एक जकातीचा. तिघेही पोटाचा उद्योग सांभाळून हें करीत. कोणतें फुलपाखरूं कोणत्या महिन्यांत उडतें, हें त्या पिढीनें जें लिहून ठेविलें तें आज मोलाचें झालें आहे, कारण बदल मोजावयाचा तर पूर्वीं काय होतें हें कोणीतरी लिहिलेलें असावें लागतें. आमची वही त्यांच्या पासंगालाही पुरणार नाहीं. परंतु पुढें दहा वर्षांनीं ह्याच बांकांवर बसणाऱ्या मुलांस २०२३ च्या ऑगस्टांत मैदानाच्या पश्चिमेस काय झालें हें तींत वाचावयास मिळेल.

मात्र वही ठेवावयाची तर टाकळाही राहिला पाहिजे. म्हणून २०२४ च्या जुलैंत आम्ही चौघे धीर करून फादर प्रिन्सिपॉलांच्या खोलींत गेलों. बरोबर वही व एका बरणींत एक कोश नेला होता. फादरांनीं चष्मा पुसून कोश न्याहाळला, दोन प्रश्न विचारले, आणि म्हणाले, “विहिरीच्या मागचा पट्टा तुमचा. पण समारंभाच्या मंडपांतून तो दिसतां कामा नये, आणि डांस झाले तर पहिला विळा मी चालवीन.” पट्टा लांबीस तीस पावलें आहे. शनिवारीं दुपारीं ऊन असेल तेव्हां दोघे दोघे तेथून फाटकापर्यंत इंग्लंडांतल्या रीतीनें चालतात. एक मोजतो, दुसरा लिहितो. भांडणें होतात तीं उडणारें फुलपाखरूं एकदांच मोजलें कीं दोनदां, ह्यावर.

२०२५ चा टाकळा दिवाळीनंतर वाळला, तेव्हां आम्हांस वाटलें होतें कीं मोकळ्या राहिलेल्या मुरमाड जागेंत बी आपण टाकावें. पाहतों तों माळीमामांनीं आधींच शेंगा खुडून, चोळून, बी वर्तमानपत्राच्या दोन पुड्यांत बांधलें होतें. एक पुडी त्यांनीं आमच्यादेखत पट्ट्यांत फेंकली. दुसरी औजारांच्या खोलींत खुंटीला टांगली. ती कशाला, असें विचारतां ते म्हणाले, “पाऊस कवा येईल त्याचा आता भरवसा न्हाय, पोरांनो. निम्मं मागं ठेवलंय.”